बाईसाहेबांची टाकी

२ फेब्रुवारी, रविवार

ही डायरी लॅबला फुकट आली. दातांचं प्लास्टर विकणारी एक कंपनी दरवर्षी पाठवते. मुखपृष्ठावर हसणारी दाढ आहे. दाढ हसते म्हणजे नक्की काय करते, ते त्या चित्रकारालाच ठाऊक. जानेवारी कोरा गेला. आजपासून लिहायचं ठरवलंय, कारण मनातलं कुणाला तरी सांगायला हवं, आणि सिरॅमिकवालीला सांगितलं की दुपारच्या चहापर्यंत सगळ्या लॅबला कळतं. ती माझ्या शेजारच्या टेबलावर दातांच्या टोप्या बनवते, मी कवळ्या बनवते. सोळा वर्षं अशीच गेली.

तर मांडते. मी बेचाळीस वर्षांची. लग्नाला दोन महिने झाले. हे लिफ्ट दुरुस्त करतात. यांची पहिली बायको चार वर्षांपूर्वी आजारात गेली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. मुलगी पंधरा वर्षांची आहे, घरात तिला चिंगी म्हणतात. मला ती मावशी म्हणते आणि अहोजाहो करते, पोस्टाच्या खिडकीतल्या बाईला करावं तसं.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. जे नीट माहीत नव्हतं ते हॉलमध्ये आहे. चार फुटी काचेची टाकी, खाऱ्या पाण्याची. आत खडक रचलेत आणि त्यांत दोन केशरी जोकर मासे राहतात, अंगावर पांढरे पट्टे असलेले. मोठी ती मादी, तिचं नाव बाईसाहेब. तिच्या मागे मागे फिरणारा चिमुकला तो घरजावई. मासे पहिलीनं आणले, नावं पहिलीनं ठेवली. अकरा वर्षं झाली म्हणे. म्हणजे या घरात बाईसाहेब मला अकरा वर्षांनी सीनियर.

मी काचेजवळ गेले की बाईसाहेब समोर येऊन उभ्या राहतात आणि तोंडाची उघडझाप करतात. जबड्यात बारीक दात आहेत. दुसऱ्या कुणाला दिसणार नाहीत, मला दिसतात. धंदाच तो.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज सकाळी पुन्हा यांचा गुडघा जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला. रोज आपटतो. आज मी विचारलंच, “अहो, स्वतःच्या घरात माणूस रोज कसा काय धडपडतो?”

“टेबल आधी खिडकीपाशी होतं ना,” गुडघा चोळत म्हणाले. “पायांना जुनी वाट पाठ आहे.”

“मग हलवलं कुणी?”

“चिंगीनं. तू यायच्या आदल्या आठवड्यात. टेबल, पलंग, कपाट, सगळं घर फिरवलं पोरीनं. स्वतःची खोली सोडून मागच्या अडगळीच्या खोलीत गेली.”

“कशाला पण?”

“विचारलं, तर म्हणाली, असू दे बाबा.”

मी पुढे विचारलं नाही. विचारायची गरजच पडली नाही, लख्ख कळलं. आईची खुर्ची जिथे होती तिथे मी बसू नये, आई ज्या बाजूला झोपायची तिथे मी झोपू नये, म्हणून पोरीनं जागाच मोडून टाकल्या. हॉलच्या भिंतीवर एक चौकोन बाकीच्या रंगापेक्षा उजळ आहे, तिथे पहिलीचा फोटो असणार. तोही कुठेतरी लपवून ठेवलाय. माझी नजर लागेल म्हणून असेल.

पंधरा वर्षांची पोर, पण डोकं बघा.

आणखी एक. दोन महिन्यांत मी तिचे दात पाहिलेले नाहीत. बोलते तर ओठ जेमतेम हलतात, हसणं दूरच. आमच्या धंद्यात म्हणतात, माणूस ओळखायचा तर त्याचे दात बघा. ही बया दाखवतच नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

हे मन दुसरीकडेच मोकळं करतात, हा माझा संशय आज खरा ठरला. स्वयंपाकघरात चहा ठेवत होते, तर हॉलमधून यांचा आवाज. बारीक, समजावणीचा. डोकावून पाहिलं तर टाकीसमोर स्टूल टाकून बसलेले, हातात माशांच्या खाण्याची डबी, आणि काचेशी बोलणं चाललेलं.

“काय चुकलं तेच कळत नाही, बाईसाहेब,” हे म्हणत होते. “विचारलं की काही नाही म्हणते. आणि चेहरा तर असा!”

माझ्यासमोर दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस तिथे कीर्तन करत होता. आणि बाईसाहेब काचेला चिकटून ऐकत होत्या, पदर सावरून बसल्यासारख्या. हा मासा म्हणजे पहिलीनं मागे ठेवलेली हेर आहे. मनातलं तिच्यापाशी जाऊन बोलायचं, म्हणजे पहिलीपाशीच बोलायचं की.

मी चहा उतू जाऊ दिला. मुद्दाम.

९ फेब्रुवारी, रविवार

मी जाहीर केलं की टाकीत माझाही एक मासा असायला हवा. हे इतके खूश झाले की मला उलट राग आला. चिंगी म्हणाली, “मी येते दुकानात. बघून घ्यावा लागतो.”

मासेवाले सत्तरीचे आहेत. दुकानभर निळा उजेड आणि पंपांची घरघर. चिंगीला पाहताच म्हणाले, “ये गं! दिवसेंदिवस अगदी आईवर चाललीस.” मग माझ्याकडे पाहून त्यांनी जीभ चावली. मी हसले. असं हसणं मला जमतं, कवळी बसवायला आलेल्या माणसाला धीर द्यायला रोज तेच करते.

“टाकीत आधी कोण आहे?” त्यांनी विचारलं.

“ते चिंगीला माहीत आहे. मला सुंदर मासा हवाय.”

“बाई, इथे आधी असलेल्यांना विचारावं लागतं, मग येणाऱ्याला. सुंदर काय, सगळेच सुंदर.” मग त्यांनी नियम सांगितले. शांत स्वभावाचा आधी सोडावा, भांडकुदळ सगळ्यात शेवटी, कारण आधी आलेला टाकीला बापाची जागा समजतो. एकाच रंगारूपाचे दोन ठेवू नयेत, एकमेकांना पाहूनच पेटतात. दोघं एकाच कपारीत राहणारे नकोत. “आणि काही झालं तरी दुसरा जोकर आणू नका. तुमच्याकडे राणी बसलीय. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.”

चिंगी हळूच म्हणाली, “मावशी, हा पिवळा गोबी घ्या ना. हा खाली वाळूवर असतो, बाईसाहेबांच्या वाटेला जात नाही.”

तिच्या तोंडून आईचीच पसंती येणार हे मला ठाऊक होतं. मी फायरफिश घेतला. पुढे दुधासारखा पांढरा, मागे जात जात लालभडक, पाठीवर तुऱ्यासारखा एक लांब केस. मासेवाले म्हणाले, “भित्रा आहे. घाबरला की उडी मारतो. वर जाळी घट्ट लावा.”

घरी आल्यावर पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, आतलं पाणी टाकीइतकं कोमट होईपर्यंत. मग चिंगीनं टाकीतलं पाणी थोडं थोडं पिशवीत घालायला दिलं. ते मला छान जमलं. प्लास्टर आणि पाणी मापात कालवणाऱ्या हाताला काय अवघड आहे?

“सोडायच्या आधी आपण दगड हलवूया का?” चिंगीनं विचारलं. “म्हणजे असं असतं की, आई नेहमी...”

“राहू दे,” मी म्हटलं. आई हा शब्द ऐकला की माझे कान आपोआप मिटतात. तिनं बाह्या वर सरकवल्या होत्या, त्या पुन्हा खाली घेतल्या.

मासा सोडला. बाईसाहेबांनी दोन मिनिटांत त्याला मागच्या कोपऱ्यात घातलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

माझा मासा पंपाच्या मागे राहतो. खायला बाहेर आला की बाईसाहेब अंगावर धावतात. घरजावई लांबून बघतो आणि बाईसाहेबांच्या बाजूनं उभा राहतो, घरजावयानं दुसरं काय करावं! हे म्हणतात, “रुळेल हळूहळू.” स्वतःच्या बायकोबद्दलही हे असंच म्हणत असतील बहुतेक.

मी सकाळी लॅबला जायच्या आधी जाळीचा कोपरा उचलून त्याला चिमूटभर खाणं वेगळं टाकते. माझा आहे तो.

१६ फेब्रुवारी, रविवार

मेला. टाकीच्या मागे, फरशीवर पडला होता, वाळलेला, लाल शेपूट तपकिरी झालेली. जाळीचा एक कोपरा उघडा होता. चिंगीनं उचलला, कागदात गुंडाळला आणि म्हणाली, “तुमची चूक नाही मावशी. हे मासे मारतातच उडी.”

जाळीचा कोपरा मीच उघडा टाकला होता, काल, घाईत. ती ते बोलली नाही, म्हणजे मनात पक्कं धरलंय. पण मला विचाराल तर उडी कुणी मारायला लावली? टाकीत राज्य कुणाचं आहे?

मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. एका बोटभर माशासाठी बेचाळीस वर्षांची बाई रडली. मत्सर फार वाईट, पोटात जळतो आणि रडायला मासा शोधतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज सिरॅमिकवालीला सांगून टाकलं. कळू दे लॅबला.

ती म्हणाली, “बाई गं, जिवंत सवत बरी. तिच्याशी भांडता येतं, तिची भाजी खारट झाली की बरं वाटतं. मेलेल्या सवतीची भाजी कधी खारट होत नाही.”

“ती मेली नाही, टाकीत फिरतेय.”

“मग टाकीत तिला सवत आण,” ती हसत हसत म्हणाली आणि आपल्या टोपीला पॉलिश करायला लागली.

ती थट्टेत बोलली. माझ्या डोक्यात मात्र मासेवाल्यांचं वाक्य दुपारभर फिरत राहिलं. काही झालं तरी दुसरा जोकर आणू नका.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मी काय केलं ते लिहिते. नटवून लिहिणार नाही.

हे कामावर होते. चिंगीचा शनिवारचा क्लास साडेबारापर्यंत. मी लॅबमधून अर्धी रजा घेतली आणि नेहमीचं दुकान सोडून गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाला म्हटलं, जोकरच हवा, पण मोठा, मादी, कुणाचं ऐकून न घेणारी. त्यानं गडद तांबडी, तीन पांढऱ्या पट्ट्यांची मादी दाखवली, तळहाताएवढी. तिच्या गालावर काटा असतो. “टाकीत एकटीच ठेवणार ना?” त्यानं विचारलं. मी हो म्हटलं.

घरी आले. पिशवी तरंगत ठेवली, पाणी मिसळलं, सगळं नियमानं. मग सोडली.

बाईसाहेब लगेच आल्या, नेहमीच्या तोऱ्यात. तांबडी हलली नाही. दोघी एकमेकींसमोर अंग थरथरवत उभ्या राहिल्या. मला खोटं लिहायचं नाही, मला त्या क्षणी आनंद झाला. मनात म्हटलं, आता बघू.

पुढचं फार झटपट झालं. तांबडीनं जबडा धरला. बाईसाहेब सुटल्या, पळाल्या, त्यांच्या नेहमीच्या कपारीत शिरल्या, तर तांबडी कपारीतही मागोमाग. शेपटाचा तुकडा पाण्यात तरंगत वर आला, केशरी, नखाएवढा. घरजावई काचेला धडका देत होता. मी मासा धरायची छोटी जाळी शोधत होते. कुठे ठेवतात जाळी? दोन महिने राहते मी या घरात आणि मला जाळी कुठे असते माहीत नाही!

मी हात घातला. कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात. तांबडीनं माझंही बोट फोडलं. तेवढ्यात दार उघडून चिंगी आली.

ती ओरडली नाही. दप्तर खाली टाकलं, टाकीखालच्या कपाटातून भोकं पाडलेला पारदर्शक डबा काढला आणि तिसऱ्या झडपेत तांबडीला त्यात कोंडलं. डबा टाकीच्या कडेला लटकवला. मग गुडघ्यांवर बसून कपारीत पाहिलं. बाईसाहेब आत आडव्या पडल्या होत्या. एक डोळा पांढरा झाला होता, कल्ले जोरजोरात हलत होते.

“मावशी, हा मासेवाले आजोबांनी दिला?”

“हो,” मी म्हटलं.

तिनं टाकीचा दिवा मंद केला. मग म्हणाली, “तुमच्या बोटातून रक्त येतंय. खारं पाणी झोंबेल, धुऊन टाका.”

२३ फेब्रुवारी, रविवार

यांनी रात्रीच्या जेवणाच्या वेळी विचारलं, “दुसरा जोकर आणायचाच नाही हे साधं तुम्हा दोघींना कळू नये? कुणी सांगितला हा मासा?”

मी तोंड उघडलं. माझ्या आधी चिंगी म्हणाली, “मी. मीच मावशींना म्हटलं आणा. चुकलं माझं, बाबा.”

“तू? आईची वही पाठ असलेली तू?” यांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. “अकरा वर्षं सांभाळलेला जीव! आईला काय वाटलं असतं, विचार केलास?”

चिंगी ताटाकडे बघत राहिली. मीही माझ्या ताटाकडे. हे उठून गेले, आणि जाताना टेबलावर गुडघा आपटला.

मी गप्प का बसले? खाई त्याला खवखवे म्हणतात, मला खवखवत होतं तरी तोंडातून शब्द निघेना. शिवाय एक वाईट विचार आला, तोही लिहिते. वाटलं, पोरीचा यात काहीतरी डाव असेल. उपकार करून मला मुठीत ठेवायचं असेल.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बाईसाहेब काही खात नाहीत. सकाळी एकदा उताण्या झाल्या, मला वाटलं संपलं. परत सरळ झाल्या. घरजावई तिच्या पोटाखाली जाऊन तिला वर ढकलतोय असं मला दिसलं. सिरॅमिकवाली म्हणेल मासे असं करत नसतात, पण मी पाहिलं.

लॅबला गेले नाही. चिंगी शाळेत, हे कामावर. जखमेवर काही औषध असेल म्हणून टाकीखालचं कपाट उपसलं. मिठाची पिंपं, नळ्या, ब्रश, आणि अगदी मागे एक जाड वही. वर्गातल्या प्रयोगवहीसारखी, खाकी कव्हर घातलेली. पहिलीची वही.

औषधासाठी उघडली, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला तिचं अक्षर बघायचं होतं. अक्षर सुंदर आहे. व्हायचंच. निळी शाई, समास सोडलेले, तारखा. पाण्याचा खारटपणा, कोण किती खातं, कोण कुणाशी कसं वागतं. ‘बाईसाहेब आज माझ्या अंगठ्याला चावल्या. गुणी आहेत.’ मला हसू आलं, तेही आवडलं नाही.

मग हे सापडलं. तिच्या शब्दांत उतरवून ठेवते:

‘नवीन मासा सोडण्याआधी आतले सगळे दगड हलवावेत. एकही जुन्या जागी ठेवू नये. जुन्या माशांना आपली कपार सापडत नाही, मग टाकी कुणाचीच राहत नाही. सगळेच नवे होतात आणि नव्याला मार बसत नाही. नवा लपून राहिला तर हात घालून बाहेर काढू नये. खाणं जवळ सोडावं, दिवा मंद ठेवावा. आपण होऊन येतो.’

पान उलटलं. पुढे निळी शाई नाही, पेन्सिल आहे. चिंगीचं अक्षर, आईसारखं सुंदर नाही, उजवीकडे कलतं. तारीख २४ नोव्हेंबर. मी यायच्या आदला आठवडा.

‘मावशी येणार. हलवायचं: टेबल. पलंग. दोन्ही कपाटं. सोफा (बाबांची मदत लागेल, कारण सांगायचं नाही). मी मागच्या खोलीत, म्हणजे मी पण नवीन. आईचा फोटो सध्या माझ्या खणात. त्यांनी विचारलं तर लावू, आधी नको, त्यांना वाटेल जागा घेतलेलीच आहे.’

खाली वेगवेगळ्या तारखांना एकेक ओळ.

‘बाबांच्या गुडघ्याला रोज लागतं. सवय होईल.’

‘त्या नीट जेवत नाहीत. आपण बोलायला गेलं की आत जातात. वाट बघायची.’

‘फायरफिश मेला. त्या नळ सोडून रडल्या. म्हणजे त्यांना मासे आवडतात.’

मी फरशीवरच बसले. बाहेर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजत होता, तो थांबल्याचंही मला उशिरा कळलं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. त्या पोरीनं माझ्यासाठी आईच्या जागा मोडल्या, आणि मी काय वाचलं होतं त्यातून?

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज जेवणं झाल्यावर दोघांना बसवलं आणि सांगितलं. दुसरं दुकान, मोठी मादी मागून घेतली ते, सगळं. “चिंगीनं काही सांगितलं नव्हतं. मासा मी आणला, आणि काय होईल ते माहीत असून आणला.”

“का पण?” यांनी विचारलं.

“तुम्ही माझ्याशी बोलत नाही आणि तिच्याशी बोलता म्हणून.”

“कुणाशी?”

मी टाकीकडे बोट दाखवलं. बोलून झाल्यावर कळलं की हे वाक्य मोठ्यानं कसं वेड्यासारखं ऐकू येतं. यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. “अगं, मी तुझ्याबद्दलच...” एवढंच म्हणाले. मग माझ्याशी न बोलता चिंगीकडे वळले. “मी तुला तीन दिवस नाही नाही ते बोललो.”

“चालतं बाबा.”

“चालत नाही,” म्हणाले. उठून मागच्या खोलीत गेले आणि बराच वेळ तिथेच बसले.

मी चिंगीला म्हटलं, “तुला कधी कळलं?”

“शनिवारीच. संध्याकाळी मी मासेवाले आजोबांशी भांडायला गेले होते. ते म्हणाले, मी कशाला देईन?”

“मग माझं नाव का नाही घेतलंस?”

तिनं नखानं टेबलावरचा डाग खरवडला. “तुम्ही आधीच पंपामागे होतात,” ती म्हणाली.

१ मार्च, शनिवार

तांबडीला परत द्यायला गेले. त्या दुकानातला माणूस घेईना, म्हणून आमच्या मासेवाल्यांकडे नेली. त्यांनी खोकला काढत काढत मला वीस मिनिटं झापलं, दोन गिऱ्हाइकांसमोर. मी मान खाली घालून ऐकलं. वर म्हणाले, “माशांना स्वभाव असतो बाई, दुष्टावा नसतो. तो आपल्याकडे.” तांबडीला त्यांनी एकटीची टाकी दिली. जाताना पाहिलं, तर ती आरशासमोर उभं राहावं तशी काचेतल्या स्वतःच्याच प्रतिबिंबावर धावून जात होती. माझ्याच्यानं ते फार वेळ बघवलं नाही.

हे अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. त्यात बोलण्यासारखं काही नाही.

४ मार्च, मंगळवार

बाईसाहेबांनी आज खाल्लं! एक कण, चिंगीच्या चिमट्यातून. दुसरा कण माझ्या चिमट्यातून. उजवा डोळा गेलाच, मासेवाले म्हणतात तो परत येणार नाही. शेपटीचा वरचा भाग फाटका. पण दुसऱ्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या चिमट्याला चावल्या. गुणी आहेत.

९ मार्च, रविवार

सकाळी हे लिफ्टच्या कामाला गेले, रविवार असून. चिंगीला म्हटलं, “चल, टेबल धर.”

“कुठे न्यायचं?”

“खिडकीपाशी. होतं तिथे.”

ती हलेना. “तुम्ही वही वाचलीत,” म्हणाली.

“वाचली. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आणि माझ्यामुळे त्या माणसाच्या गुडघ्याची वाट लागलीय. आता मी नवीन नाही, मला मार बसत नाही. धर.”

टेबल नेलं, कपाट सरकवलं, सोफा दोघींनी ढकलत ढकलत नेला. पलंग आहे तिथे राहू दिला, चिंगीच म्हणाली. मग मी विचारलं, “खणातला फोटो दे.”

तिनं आणून दिला. मी आजवर पहिलीचा चेहरा पाहिलेला नव्हता. स्टुलावर चढून त्या उजळ चौकोनात तो लावला, बरोबर मापात बसला. बाई टाकीशेजारी उभी आहे, बाह्या वर केलेल्या, हात कोपरापर्यंत ओला, आणि तोंड भरून हसतेय. दात सगळे दिसतात. वरचा डावा सुळा जरा पुढे आलेला. माझ्या पोटात एकदा जळलं. खोटं कशाला लिहू. सवयीनं जळलं आणि विझलं.

हे दुपारी आले. दारातून आत पाऊल टाकलं, आणि गेल्या तीन महिन्यांत पायांनी शिकलेली नवी वाट धरून, टेबलाला वळसा घालायला म्हणून बाजूला झाले ते थेट सोफ्याच्या लाकडी हातावर. तोच गुडघा. तोच आवाज.

“अरे काय चाललंय काय या घरात!” एका पायावर नाचत हे ओरडले. दहा दिवसांतलं हे यांचं सगळ्यात लांब वाक्य. मग भिंतीकडे लक्ष गेलं, आणि नाचायचे थांबले. फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गुडघा तसाच हातात धरलेला.

“लागलं का हो?” मी विचारलं.

“लागलं,” म्हणाले. पण बसले ते माझ्याशेजारी. माझ्या हाताला धरून.

तेव्हा चिंगी हसली. आधी हात तोंडावर, मग हात सुटला, पोट धरून, खुर्चीवर कोसळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “मावशी, अगं बर्फ आण ना, बघत काय बसलीस!”

मी खरंच बघत बसले होते. हसतील त्याचे दात दिसतील म्हणतात. तीन महिन्यांत पहिल्यांदा दिसले. छान आहेत. वरचा डावा सुळा जरा पुढे आहे. आमच्या लॅबमध्ये असे दात सरळ करायला रोज पाच जण येतात. ही आली तर मी परत पाठवणार.